डिस्कची खाच बुजू देऊ नका

पीसी घ्यावा की कन्सोल, हा वाद दर दिवाळीला नव्याने पेटतो आणि दर वेळी आकड्यांवर येऊन अडतो. साठ फ्रेम्स की एकशेवीस, फोर-के की त्याहून कमी. या आकड्यांनी विकणाऱ्याचं भलं होतं. विकत घेणाऱ्याने मात्र एवढंच विचारावं : पाच हजारांचा गेम खेळून झाला की मला तो मित्राला देता येईल का? विकता येईल का?

पीसीवाल्यांना हा प्रश्न झोंबतो. आम्ही मोकळे, कन्सोलवाले कंपनीच्या दावणीला, असं ते वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. मशीन मोकळं आहे, यात शंकाच नाही. कॅबिनेट उघडा, रॅम वाढवा, ग्राफिक्स कार्ड बदला, जुनं कार्ड विकून टाका. पण गेमचं काय? २००४ साली वॉल्व्ह कंपनीचा ‘हाफ-लाइफ २’ आला. दुकानातून डबा आणला तरी स्टीम या वॉल्व्हच्याच ऑनलाइन सेवेच्या खात्याला जोडल्याशिवाय तो चालत नसे, आणि एकदा जोडला की त्या खात्याचाच होऊन जाई. पीसीवर जुने गेम विकण्याची सोय तिथून आटत गेली. आता स्टीमवर गेम वाटून घेता येतो, पण घरच्यांपुरता. वर्गमित्राला नाही. ऑक्टोबर २०२४ पासून तर पैसे भरण्याच्या पानावर स्टीम स्वतःच सांगतं की तुम्ही गेम नव्हे, गेमचा परवाना घेत आहात. ही पाटी कंपनीने आपणहून लावली असं समजू नका. कॅलिफोर्नियाने तसा कायदा केला, म्हणून ती लागली. आपल्याकडेही असा कायदा हवा, आणि ‘विकत घ्या’ हे बटण जिथे जिथे आहे तिथे तिथे हवा.

कन्सोलच्या पोटात डिस्क जाते तोवर गेम दुसऱ्याला देण्या-विकण्याचा हक्क शाबूत असतो. वाचून झालेलं पुस्तक शेजारी देतो तशी डिस्क हातोहात फिरते. आपल्या शहरांत जुन्या डिस्क घेणारी-देणारी मुलं आहेत, अदलाबदल करणारी दुकानं आहेत. ज्याला महिन्याला एक नवा गेम परवडत नाही, तो या फिरत्या डिस्कवरच खेळतो. ही माझ्या मते या छंदातली सगळ्यात लोकशाही गोष्ट आहे.

कंपन्यांना नेमकी तीच खुपते. २०१३ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी जुन्या डिस्कच्या विक्रीवर बंधनं जाहीर केली. कन्सोलने चोवीस तासांत एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची, हेही त्यातच. लोक खवळले. सोनीने बावीस सेकंदांचा व्हिडिओ काढून उत्तर दिलं. आपल्या कन्सोलवरचा गेम दुसऱ्याला कसा द्यायचा? एकाने डिस्क पुढे केली, दुसऱ्याने घेतली, संपलं. जून संपायच्या आत मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. गिऱ्हाइकांनी एकजुटीने नाही म्हटलं की काय होतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण या धंद्यात दुसरं क्वचितच सापडेल.

पण जे तेव्हा नियमाने जमलं नाही, ते आता खाचच काढून टाकून चाललं आहे. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० रुपयांना होता, बिनडिस्कच्याची जाहीर किंमत ३९,९९०. दहा हजार वाचले, म्हणून घरोघरी आनंद. जरा हिशेब करा. मोठा नवा गेम तेव्हा ४,९९९ रुपयांना. खेळून झाल्यावर एका डिस्कचे दोन हजार जरी परत आले, तरी पाच गेममध्ये ते दहा हजार वसूल होतात. त्यापुढची प्रत्येक डिस्क फायद्याची. बिनडिस्कचा घेणाऱ्याला मात्र एकाच दुकानातून, त्या दुकानाच्या भावाने, कायमची खरेदी करावी लागते. ते दुकान उद्या असेलच असंही नाही. निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यूच्या ऑनलाइन दुकानांतली विक्री मार्च २०२३ मध्ये बंद केली, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० ची जुलै २०२४ मध्ये.

डिस्क म्हणजे अमरपट्टा नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि कपाटातल्या डिस्कही निकामी झाल्या. त्याविरुद्ध रॉस स्कॉट यांनी सुरू केलेल्या मोहिमेच्या मागणीवर युरोपात दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. ती मागणी रास्त आहे : विकलेला गेम बंद करताना तो खेळता येईल अशा अवस्थेत सोडा.

मग पीसी घेऊच नये का? घ्यावा, पण कारण वेगळं असावं. पीसीवर गेम उघडून त्यात हात घालता येतो. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा ‘हाफ-लाइफ’मध्ये हौशी मुलांनी केलेल्या बदलांतून जन्मला, ‘डोटा’ ‘वॉरक्राफ्ट ३’मधून. ब्लेंडर आणि गोडो ही गेम बनवण्याची साधनं फुकट मिळतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा गेम केला आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये तो सगळ्यात आधी निन्टेन्डो स्विचवर आला. तो कन्सोल भारतात अधिकृतपणे विकलाही जात नव्हता. गेम खेळायला कुठलंही यंत्र चालतं, करायला मात्र पीसीच लागतो. ज्या घरातलं पोर गेम खेळताना ‘हा रस्ता इथे का संपतो’ असं विचारतं, त्या घरात पीसीच यायला हवा. कन्सोलवर ऑनलाइन खेळायला बहुतेक विकतच्या गेम्ससाठी वर्गणी भरावी लागते, पीसीवर सहसा नाही. तेही गणितात धरा. स्टीमखेरीज जीओजीचंही दुकान आहे. तिथला गेम उतरवून ठेवला की कुणाला न विचारता चालतो, म्हणून मिळेल तो गेम तिथून घ्या.

ज्याला गेम करायचे, बदलायचे, खोलून बघायचे आहेत त्याने पीसी घ्यावा. ज्याला फक्त खेळायचं आहे त्याने डिस्कवाला कन्सोल घ्यावा आणि डिस्क मित्रांत फिरवाव्यात. बिनडिस्कचा कन्सोल, कितीही स्वस्त असो, घेऊ नका.