तो इथलाच, धरू नका

मोजण्याच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली एकवीस कॅशवर. शंभराच्या गड्डीत एक नोट कमी असली तर ते आधी अंगठ्याला कळायचं, डोक्याला नंतर. त्यामुळे मुलगी म्हणाली, "बाबा, रविवारी तुम्हाला ससाणे मोजायला नेते," तेव्हा मी सवयीनं विचारलं, "किती आहेत?"

"तेच तर मोजायचंय."

हॉक माउंटन पेनसिल्व्हेनियात, मुलीच्या न्यू जर्सीतल्या घरापासून दोनेक तासांवर. माथ्याची उंची १५२१ फूट. महाबळेश्वरकर याला माउंटन म्हणू देणार नाहीत. मैलभर पायवाट आणि शेवटी नुसते धोंडे. त्या धोंड्यांवर पन्नास-साठ माणसं उत्तरेकडे तोंड करून बसलेली, आणि प्रत्येकाच्या बुडाखाली उशी. आमच्याकडे दशम्या होत्या, लसणाची चटणी होती, दोन छत्र्या होत्या. उशी नव्हती.

समोरच्या डोंगरधारेवर पाच उंचवटे आहेत, त्यांना एक ते पाच असे नंबर. कुणी तरी म्हणतं, "तीनवर एक!" की सगळ्या दुर्बिणी तीनवर. मला तीन सापडेपर्यंत पक्षी डोक्यावरून निघून गेलेला असे. शिवाय त्या दिवशी आभाळ निळंभोर, एक ढग नाही. मी म्हटलं, काय सुरेख हवा! शेजारच्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. निळ्या आभाळात उंचावरचा ससाणा विरघळून जातो. या मंडळींना पांढरे ढग हवे असतात, मागे पडदा म्हणून.

अधिकृत मोजणी करणारी एक तरुण मुलगी होती. ही मोजणी सुरू होते १५ ऑगस्टला, आपलं झेंडावंदन उरकतं त्याच दिवशी, आणि चालते १५ डिसेंबरपर्यंत. दर तासाला तक्ता भरायचा: वारा, ढग, पक्षी. पक्षी नसले तर शून्य. रकाना रिकामा सोडायचा नाही. ही शिस्त पाहून मला माहेरी आल्यासारखं झालं.

मी उत्साहानं एक मोठा पक्षी दाखवला. तिनं दुर्बीण लावलीही नाही. "टर्की व्हल्चर. तो इथलाच आहे, धरू नका." सकाळपासून तेच गिधाड इकडून तिकडे येरझारा घालत होतं. काउंटरवर रोज पासबुक भरायला येणारे एक काका आमच्याकडेही होते. त्यांनाही आम्ही गर्दीत धरत नसू.

साडेअकराच्या सुमारास ऊन तापलं आणि ते आले. ब्रॉड-विंग्ड हॉक, आपल्या घारीहून लहान, शेपटीवर काळेपांढरे पट्टे. उत्तरेतल्या रानांतून निघून थेट दक्षिण अमेरिकेपर्यंत जाणारे. तापलेली हवा वर चढते, तिच्यात शिरून हे गोल गोल फिरत उंच जातात, पंख न हलवता. शंभरएक पक्ष्यांचा भोवरा. मी मोजायला लागलो: बारा, तेरा, हा मघाचाच का, चौदा... दोनदा हिशोब चुकला. एकवीस वर्षांत इतकं घसरलो नव्हतो.

ती मुलगी शांत. म्हणाली, भोवऱ्यात मोजायचं नसतंच. वर पोचले की ते एकामागून एक सुटतात आणि दक्षिणेकडे घसरत जातात, तेव्हा मोजायचे. म्हणजे गर्दी मोजायची नाही, रांग लागेपर्यंत थांबायचं. पगाराच्या दिवशी हेच तर मी ओरडून सांगायचो.

तेवढ्यात तो म्हातारा आमच्या हिच्याकडे आदरानं पाहताना दिसला. हिच्या बोटात नामजपाचं बटणवालं काउंटर होतं, आणि अंगठा अखंड चालू. त्यानं आकडा विचारला. हिनं पुढे केला: १३४७. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी खुलासा केला, तरी त्याला तो बहुधा पटला नाही. नाही तरी १९७८च्या सप्टेंबरात इथे एकाच दिवसात एकवीस हजारांवर पक्षी मोजले गेले आहेत. पूर्ण हंगामाची सरासरी अठरा हजारांच्या आसपास असताना.

याच धोंड्यांवर पूर्वी माणसं बंदुका घेऊन बसत. उशा होत्या की नाही कोण जाणे. गॉसहॉक मारला तर सरकार पाच डॉलर बक्षीस देई. १९३४ साली न्यूयॉर्कच्या रोझली एज या बाईंनी डोंगर भाड्यानं घेतला आणि मॉरिस ब्राउन या तरुणाला राखणीला बसवलं. बंदूकवाल्यांना परतवायचं, आणि उरलेल्या वेळात पक्षी मोजायचे. पुढे लेखिका रेचल कार्सन यांना 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकासाठी इथलेच आकडे उपयोगी पडले: टकल्या गरुडांत पिल्लांचं प्रमाण वीसेक वर्षांत ४० टक्क्यांवरून २० वर आलं होतं. डीडीटीच्या पापाचा एक पुरावा या तक्त्यांत निघाला. पिल्लं दिसली नाहीत, हेही कुणी तरी रोज लिहून ठेवलं होतं म्हणून.

परतताना गाडीत माझा आकडा दोनशे सहा आणि त्या मोजणाऱ्या मुलीचा दोनशे एकतीस. पंचवीसचा फरक. नोकरीत असतो तर घरी जाऊ दिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी वडिलांची तिथी होती. हिनं खीर, वडे, भात असं पान वाढलं आणि डेकच्या कठड्यावर ठेवलं. आम्ही दोघं आभाळाकडे बघत उभे. ससाण्यांची सवय झाल्यामुळे मी उत्तरेकडे तोंड केलं होतं. एक वाजला, दीड वाजला. वडील हयात असतानाही जेवायला वेळेवर येत नसत. पावणेदोनला एक खार आली आणि वडा घेऊन गेली.

मी वहीत वेळ लिहिली, वारा लिहिला, कावळ्यापुढे शून्य घातलं.

"आणि खार?" हिनं विचारलं.

इथलीच होती. धरली नाही.