दाजीबानपेठेत कोणी नाही

दिवाळीच्या तोंडावर हुबळीच्या भर दाजीबानपेठेत ट्रायपॉड रोवून उभ्या राहणाऱ्या माणसाला कलावंत म्हणतात, असा माझा समज होता. पेठेचा वेगळा निघाला. ‘एन्री सर, सर्वे एन्री?’ असं कानडीत विचारत एका कापडवाल्यानं उत्तराचीही वाट न बघता रस्त्यावर आलेलं चादरींचं टेबल आत ओढलं. ते पाहून शेजाऱ्यानंही ओढलं. रस्ता माझ्यामुळे हातभर रुंद झाला. मला सरकारी माणूस समजले याचा भयंकर राग आला. पुढच्या कोपऱ्यावर मात्र ट्रायपॉड मी जरा जास्तच ऐटीत उघडला.

लेन्सवर दहा स्टॉपचा एनडी फिल्टर होता, म्हणजे साधारण हजारातला एक वाटा उजेड आत. एरवी सेकंदाचा तिसावा भाग पुरतो तिथं ३० सेकंद शटर उघडं. हे मी घरी समजावून सांगतो तेव्हा बायको कुकरच्या शिट्ट्या मोजत असते.

इथं दागेरला आणल्याशिवाय मला राहवत नाही. लुई दागेरनं १८३८ मध्ये खिडकीतून पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. प्लेट उमटायला काही मिनिटं लागत, तेवढ्यात घोडे, गाड्या, माणसं सगळी पुसली गेली. तारायंत्रवाल्या सॅम्युअल मॉर्सनं दुसऱ्या वर्षी ती प्लेट पाहिली आणि ओस रस्ता बघून चकित झाला. उरला होता फक्त बूट पुसून घेणारा एकजण आणि अंधूकसा पुसणारा. तेवढा वेळ एका जागी थांबलं म्हणून ते गिऱ्हाईक अमर झालं! आमच्या पेठेत साडीखरेदीला आलेल्या नवऱ्याला स्टुलावर बसवतात. तो ज्या निश्चलतेनं बसतो, त्यात दागेरच्या चार प्लेटा निघाल्या असत्या. मी स्वतः बसलेलो आहे.

माझ्याही फोटोत पेठ ओस पडली. डोक्यावर साड्यांचं बोचकं घेतलेला हमाल समोरून गेला होता. त्याचा मागमूस नाही. गल्ल्यावर रेललेले शेठजी मिशीसकट हजर. तुळजाभवानीच्या देवळाजवळ हार ओवणाऱ्या मावशींचा चेहरा बऱ्यापैकी आला, बोटांचा नुसता धुरळा. त्यांनी फोटो न्याहाळला आणि विचारलं, ‘माझे हात कुठं घालवलास रे?’

यावर मला बोलता येईना. राबणारा पुसायचा आणि बसणारा जपायचा, हे काम जगात पुष्कळ जण करतात; त्यासाठी वेगळा फिल्टर विकत घ्यायची गरज नव्हती.

तेव्हा नवशिक्यांनो, ३० सेकंदांचा फोटो जरूर काढा. पण आधी फिल्टर उतरवून, शटर झटक्यात मिटवून, हातांचा एक साधा फोटो घ्या. आणि निघताना काहीतरी विकत घ्या. निदान एक चादर.