समुद्र उजव्या हाताला

भूमध्य समुद्रात मिनॉर्का नावाचं स्पेनचं एक बेट आहे. त्याच्या किनाऱ्याकिनाऱ्यानं एक पायवाट जाते. ती माणसाला १८५ किलोमीटर चालवते आणि जिथून निघालो तिथंच आणून सोडते. नाव 'कामी दे काव्हाल्स', म्हणजे घोड्यांची वाट. हे खूळ आमच्या घरात आणलं धाकट्या दिरांनी. भाऊजी एकदा एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाऊन आले आहेत आणि तेव्हापासून समुद्रसपाटीवर त्यांचं फारसं मन रमत नाही. जेवताना मीठ मागितलं तरी पाच हजार मीटरवर मिठाला कशी चव नसते ते ऐकावं लागतं. त्यामुळे त्यांनी आपण होऊन समुद्रकाठचा रस्ता सुचवला, याचंच मला आणि नवऱ्याला कौतुक वाटलं.

सासूबाईंना वाटलं नाही. आईंनी ऐंशी कधीच ओलांडली आहे, पण घरातला कुठलाही ठराव त्यांच्या मंजुरीशिवाय पुढं जात नाही.

"फिरून फिरून तिथंच यायचं, तर जागचं हलायचं कशाला?" त्या म्हणाल्या. "आणि समुद्रच बघायचा तर हरिहरेश्वर काय वाईट आहे? तिथंही प्रदक्षिणा समुद्राकाठूनच आहे. खडक उतरा, देवाला फेरी घाला, दुपारी मोदक खा, रात्री ठाण्यात."

हरिहरेश्वरला भरतीची वेळ बघून उतरावं लागतं, हे भाऊजींनी लगेच दाखवून दिलं. भूमध्य समुद्राचं तसं नाही. जिब्राल्टरच्या चिंचोळ्या तोंडातून अटलांटिकचं पाणी येऊन येऊन येणार किती? त्यामुळे तिथं भरती-ओहोटी नावापुरतीच. "म्हणजे वाट चोवीस तास उघडी, आई."

"ज्याला भरतीसुद्धा येत नाही, तो समुद्र बघायला व्हिसा काढायचा?"

यावर भाऊजींकडे उत्तर नव्हतं. बेस कॅम्पला हा प्रश्न आला नसावा.

पुढचा पेच दिशेचा. या वाटेचे अधिकृत टप्पे वीस आहेत. पूर्वेच्या माओ शहरापासून ते उत्तरेकडे मोजत जातात. मग पश्चिमेचं सिउतादेया आणि दक्षिण किनाऱ्यानं परत माओ. नवऱ्यानं नकाशा टेबलावर पसरून टप्प्यांवरून बोट फिरवलं आणि आई ताठ बसल्या. "हे उलटं झालं! बेट डाव्या हाताला येतंय. ही अप्रदक्षिणा." वाट दोन्ही बाजूंनी चालता येते, असं मी म्हणून पाहिलं. पण भाऊजींची एक्सेल शीट टप्पा क्रमांक एकपासून तयार होती, आणि ती उलटी करायची म्हणजे सगळी सूत्रं बिघडणार होती. तोडगा शेवटी आईंनीच काढला. त्यांनी नर्मदा परिक्रमा केली आहे. बसने केली आहे, पण केली आहे. "परिक्रमेत नर्मदामैया उजव्या हाताला ठेवतात. तुमच्याही उजव्या हाताला समुद्र येतोय ना? मग बेटाला फेरी घालायचीच नाही. समुद्राला घालायची." बेटावरून चालताना समुद्राला फेरी कशी पडते, हे नवरा रात्री उशिरापर्यंत कागदावर गोल काढून तपासत होता. सकाळी म्हणाला, "आतून पडते." विषय मिटला.

तरी आईंचं मन खऱ्या अर्थानं वळलं ते वहिवाटीमुळे. या वाटेचा इतिहास त्यांना मीच वाचून दाखवला. शत्रूच्या जहाजांवर नजर ठेवायला घोडेस्वारांनी किनाऱ्यावर गस्त घालावी, म्हणून ही वाट. भीती काही पोकळ नव्हती. १५५८ साली तुर्की आरमारानं सिउतादेया लुटलं आणि हजारो माणसं गुलाम करून नेली. पुढं आरमारी भीती संपली, घोडेस्वार गेले, आणि मधल्या जमिनींच्या मालकांनी आपापल्या हद्दीत वाट बंद करून टाकली.

इथं आई पुढं सरकून बसल्या. गुहागरकडच्या आमच्या गावी विहिरीवर जाणारी पाऊलवाट भाऊबंदांनी अशीच गडगा घालून अडवली होती, आणि त्या दाव्याच्या तारखांवर आमचं निम्मं घर म्हातारं झालं. "मग? निकाल काय लागला?" त्यांनी विचारलं.

निकाल लोकांच्या बाजूनं लागला होता. बेटावरच्या माणसांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला. २००० साली तिथल्या प्रादेशिक संसदेनं वाटेवरचा लोकांचा हक्क मान्य करणारा कायदाच केला. मग साफसफाई झाली, खांब रोवले, आणि २०१० साली पूर्ण वाट सगळ्यांना खुली झाली.

"शाबास," आई म्हणाल्या. "वहिवाटीचा दावा जिंकलेली माणसं आहेत. जाऊन या."

मग त्या स्वतःच फोटो बघायला लागल्या. मिनॉर्कात कुंपणाच्या भिंती चुन्यामातीशिवाय, दगडावर दगड बसवून रचलेल्या असतात. सगळ्या बेटावर त्यांचं जाळं आहे. वाट अशा भिंतीला येऊन भिडली की तिथं एक लाकडी फाटक असतं. रानटी ऑलिव्हच्या फांद्यांचं. फांदी जशी वाकडी वाढली तशीच वापरलेली, त्यामुळे एकही आडवी पट्टी सरळ नाही; वरची कमानीसारखी फुगलेली, खालची मधेच पोट काढून बसलेली. तरी फाटक नीट लागतं, कारण पलीकडे गाई असतात आणि जाणाऱ्यानं ते आपल्यामागे लावून घ्यायचं असतं. आईंनी चष्मा वर-खाली करून ते पुष्कळ वेळ पाहिलं. "बेडं आहे," त्या म्हणाल्या. "आणि हा गडगा. पण आमचा नारू गडी यापेक्षा सरळ बेडं करायचा."

आईंची मंजुरी मिळाली. आता स्पेन सरकारची राहिली होती.

शेंगेनच्या व्हिसाला प्रत्येक रात्री कुठं झोपणार त्याचा पुरावा लागतो. आणि किनाऱ्याची वाट चालणाऱ्यालाच नेमकं ते सांगता येत नाही. मिनॉर्कात वाटेत कुठंही तंबू ठोकायला बंदी आहे. उत्तर किनाऱ्यावर लाल-काळे खडक, वारा आणि पाटी एवढंच सापडतं. एल्स आलोक्सला टप्पा संपतो, पण तिथं गादी नाही, चहा नाही, नळही नाही. म्हणून शहाणी माणसं दोन-तीन गावांत मुक्काम ठेवतात. सकाळी टॅक्सीनं काल सोडलेल्या जागी जायचं, चालायचं, संध्याकाळी टॅक्सीनं परत. हे आम्हाला समजलं, पण अर्जात लिहायचं कसं?

नवऱ्याची उभी हयात बँकेच्या कर्ज विभागात गेली आहे. त्यानं पत्राचा मसुदा केला. 'विषय : पायी चालण्याबाबत.' खाली रकाने : दिनांक, टॅक्सीने जाण्याचे निर्जन ठिकाण, टॅक्सीने परतण्याचे निर्जन ठिकाण. मी वाचून पाहिलं. ठाण्यातली पन्नाशी उलटलेली तीन माणसं रोज सकाळी एका ओसाड खाडीवर उतरतात आणि संध्याकाळी दुसऱ्या ओसाड खाडीवरून गायब होतात, असं ते वाचताना वाटत होतं. अशा लोकांवर नजर ठेवायलाच तर पूर्वी घोडेस्वार नेमले होते!

प्रवासविमा किमान तीस हजार युरोंचा हवा. त्यात काय काय बसतं ते नवऱ्यानं दिवाणखान्यात मोठ्यानं वाचलं. मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च या कलमाशी आल्यावर आतून आईंचा आवाज आला, "समुद्रावर चाललाय ना रे?" तो पुढचं मनातल्या मनात वाचू लागला.

तारखांचं गणित तर व्हिसाहून अवघड. जुलै-ऑगस्टमध्ये तिथं ऊन, गर्दी आणि चढे भाव. हिवाळ्यात किनाऱ्यावरची बहुतेक हॉटेलं बंद, आणि उत्तरेकडून त्रामुंताना नावाचा वारा असा सुटतो की झाडं जन्मभर दक्षिणेकडे कललेली राहतात. उरले दोन हंगाम, वसंत आणि शरद. वसंताचा उत्तम महिना मे. मे महिन्यात आंबे सोडून स्पेनला जायचं, हे भाऊजींनी फक्त एकदाच सुचवलं. ऑक्टोबरात नवरात्र, आणि घरी घट बसतात. पण यंदा अधिक महिना आल्यामुळे पितृपक्ष सप्टेंबरच्या अखेरीला सरकला आहे. तेव्हा तिथं हवा उतरलेली असते, समुद्राचं पाणी मात्र उन्हाळ्यानं कोमट राहिलेलं असतं. एकच अडचण, पितृपक्षात कुठलं शुभकार्य करत नाहीत. भीत भीत आईंना विचारलं.

"यात शुभ काय आहे?" त्या म्हणाल्या. तारीख ठरली.

राहता राहिला शिधा. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांनी मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणू नयेत, असा युरोपियन संघाचा नियम आहे. मांसाचा प्रश्न नव्हता. पण डिंकाच्या लाडवात तूप असतं, आणि तूप दुग्धजन्य आहे का, यावर आमच्याकडे झालेली चर्चा ब्रुसेल्समध्ये झाली नसेल. "दुधाचं दही झालं, दह्याचं लोणी झालं, लोणी कढवलं," आई बोटं मोडत म्हणाल्या, "आता दुधाचा काय संबंध राहिला?" तर्कशुद्ध आहे, पण माओच्या विमानतळावर तो मला इंग्रजीत मांडायचा आहे. शेवटी लाडू रद्द. भडंग, खजूर आणि गूळशेंगदाणे मंजूर. तिथं गेल्यावर उपाशी राहण्याचं तसं कारण नाही. बेटाचं गाईच्या दुधाचं चीज नावाजलेलं आहे, आणि मेयोनेज हे नावच माओवरून पडलं असं तिथली मंडळी छातीठोक सांगतात. बाकीचं जग वाद घालतं. मी खाणाऱ्यांच्या बाजूची आहे.

पाण्याच्या बाबतीत मात्र भाऊजींनी कोणाचंच ऐकलं नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. ओसाड टप्प्यांवर वाटेत नळ नाही. माणशी दोन-तीन लिटर पाणी घेऊनच निघायचं, म्हणजे पाठीवर तेवढेच किलो. नवऱ्यानं थोडी कुरकुर केली, तेव्हा भाऊजींनी त्याला अ‍ॅडमिरल बिंगची गोष्ट सांगितली. मिनॉर्का पूर्वी इंग्रजांकडे होतं. १७५६ मध्ये फ्रेंचांनी वेढा घातला, तेव्हा बिंगला अपुरी माणसं आणि दुरुस्तीला आलेली जहाजं देऊन बेट वाचवायला धाडलं. बेट वाचलं नाही. परत आल्यावर सरकारनं खटला भरला आणि १४ मार्च १७५७ रोजी त्याला जहाजाच्या डेकवर गोळ्या घातल्या. "अपुऱ्या तयारीनं मिनॉर्काला जाणाऱ्याचं हे असं होतं, दादा." नवऱ्यानं मुकाट्यानं तिसरी बाटली सॅकमध्ये कोंबली.

सराव चालू आहे. रोज सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारतो, तलाव उजव्या हाताला ठेवून. सॅकमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या असतात, त्यामुळे ओळखीचे लोक "पाणी गेलंय का?" म्हणून विचारतात. रविवारी येऊर. बेटाचा सर्वांत उंच डोंगर मोंते तोरो ३५८ मीटरचा, आणि तोही वाटेवर नाही, मधोमध आहे. हा आकडा ऐकल्यावर भाऊजी काही क्षण गप्प झाले होते. पण उत्तर किनाऱ्यावर वाट खाडीत उतरते आणि चढते, पुन्हा उतरते आणि चढते. गुडघ्यांना शिखर लागत नाही, चढ-उतार पुरतात. माझ्या डॉक्टरांचंही हेच मत पडलं.

सगळं जुळलं आहे, एक हिशेब सोडून. जाऊबाई येत नाहीत. "तुम्ही चाला, मी बहिणींबरोबर बालीला पडून राहते," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यामुळे माणसं तीन आणि खोल्या दोन. तिथल्या हॉटेलांत खोलीचं भाडं खोलीला असतं, माणसाला नाही. भाऊजी एकटे झोपले तरी पैसे दोघांचे. टॅक्सीतही चौथी जागा रोज रिकामी जाणार.

तेव्हा वाचकांपैकी कोणी पुरुष माणूस सप्टेंबरच्या अखेरीला मोकळा असेल, पितृपक्ष मानत नसेल किंवा आमच्या आईंसारखा मानत असेल, तर जरूर कळवावं. रोज बारा-तेरा किलोमीटर चालता यायला हवं आणि पासपोर्टची मुदत बाकी हवी. घोरणं चालेल, भाऊजी स्वतः घोरतात, त्यामुळे त्यांना ऐकू येणार नाही. फक्त बेस कॅम्पला जाऊन आलेला माणूस नको.