मुंद होग्री!

उदगीरच्या साहित्य संमेलनातून मी अकरा पुस्तकं आणली. भालकीच्या स्टँडवर रिक्षावाल्याने गठ्ठे उचलताना विचारलं, "सर, दुकान टाकायलेत काय?" त्या प्रश्नाने मला जेवढा आनंद दिला, तेवढा नंतर त्या अकरापैकी एकाही पुस्तकाने दिलेला नाही. त्याचं मुख्य कारण असं, की त्यांतली साडेनऊ अजून वाचायची आहेत.

संमेलन २०२२ च्या एप्रिलमधलं, पंच्याण्णवावं. उदगीर १९५६ पर्यंत आमच्याच बीदर जिल्ह्यात होतं. राज्यांची वाटणी झाली, उदगीर तिकडे मराठी मुलखात गेलं आणि भालकी इकडे कानडी मुलखात राहिली. त्यामुळे दुरावलेल्या भावाच्या घरी कार्य निघावं आणि आत्याबाईंनी नऊवारी काढावी, तसा मी झब्बा घालून गेलो होतो. अध्यक्ष भारत सासणे यांच्या भाषणाला मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या, की शेजारचे गृहस्थ मला कुणीतरी लेखक समजले. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

पुस्तकं काचेच्या कपाटात लावली. कपाट अशा जागी ठेवलं, की दारात चप्पल काढणाऱ्याला आधी ते दिसावं आणि मग मी. मी मराठीचा शिक्षक आहे. सीमाभागात हे नुसतं पोट भरण्याचं साधन नाही, भाषेचा झेंडा खांद्यावर असल्यासारखं चालावं लागतं. बायको मात्र दर रविवारी काच पुसताना म्हणते, "पुसायला वेळ मला, वाचायचा मान तुम्हाला. अन् तोही तुम्ही घेत नाही."

वेळ कुठून आणायचा? शाळेत मी मराठी शिकवतो, हे खरं तर उरलेल्या वेळात. आधी मुलांना वाटायची अंडी मोजायची. अंडं न खाणाऱ्यांना केळं, त्यांची वेगळी मोजदाद. ती मोबाइलवर भरायची. मग कन्नडमधली परिपत्रकं. दिवसातलं माझं सर्वांत गंभीर वाचन म्हणजे ती परिपत्रकं, आणि तीही मी पूर्ण वाचत नाही, हे पुढे ओघात येईलच.

एका सुट्टीत मी शास्त्रशुद्ध विचार केला. मिनिटाला एक पान, रोज ३० पानं, म्हणजे वर्षाला १०,९५० पानं. अडीचशे पानांचं एक पुस्तक धरलं तर वर्षाला त्रेचाळीस पुस्तकं, वर २०० पानं शिल्लक. हे वेळापत्रक मी तीन रंगांच्या पेनांनी आखलं आणि कपाटाच्या काचेला आतून चिकटवलं. त्या कामात दुपार गेली. त्या दिवशीची ३० पानं अर्थात राहिली.

वेळापत्रकाचा कणा होता बसप्रवास. जायला पंचेचाळीस मिनिटं, यायला पंचेचाळीस. खिडकीची जागा, मांडीवर पुस्तक. पण ११ जून २०२३ ला कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली, बायकांना बसप्रवास मोफत झाला, आणि माझी खिडकी गेली. तेव्हापासून एका हातात वरची दांडी, दुसऱ्या हातात डबा. पुस्तक धरायला तिसरा हात लागतो. असे जास्तीचे हात फक्त दत्तगुरूंना आहेत. तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार? पूर्वी त्या बसमध्ये मी एकटा वाचत होतो. आता माहेरी, बाजाराला, दवाखान्याला निघालेल्या पन्नास जणी असतात. सरकारचा हिशेब बरोबर आहे. माझाच चुकला.

तेव्हा भाच्याने सांगितलं, "मामा, कानानं वाचा." स्टोरीटेल भारतात आलं ते २०१७ च्या नोव्हेंबरात, आणि पहिल्यापासून मराठी घेऊन आलं. म्हणजे साडेपाच वर्षं मराठी पुस्तकं माझ्या कानाशी यायला तयार होती आणि मी कान देत नव्हतो. मी सोळा तासांची एक ऐतिहासिक कादंबरी लावली. लगेच हिशेब केला: दीडपट वेगाने ऐकली तर १० तास ४० मिनिटं. ५ तास २० मिनिटांची बचत! दीडपट वेगात मराठेशाहीतले सरदार भालकीच्या अडत बाजारात तुरीचा सौदा करणाऱ्या दलालांसारखे बोलायला लागले. तह झाला की तूर गेली, कळेना.

त्यात बस आमची. कादंबरीत किल्लेदार रात्रीच्या अंधारात दरवाजाशी उभा, बाहेर शत्रू, श्वास रोखलेला, आणि कंडक्टर ओरडतो, "मुंद होग्री, मुंद होग्री!" पुढे सरका हो, पुढे सरका. किल्लेदार सरकला की नाही माहीत नाही; मी सरकलो. "चिल्लर कोड्री" म्हणून त्याने सुट्टे मागितले, तेव्हा मी खिशात हात घालेपर्यंत किल्ला पडला होता. कुणी पाडला हे मला आजही सांगता येणार नाही. परतीच्या प्रवासात उभ्या उभ्या डोळा लागायचा, आणि कादंबरी माझ्याशिवाय पुढे चालू राहायची. चौदाव्या दिवशी मोबाइलने जाहीर केलं, की मी पुस्तक पूर्ण केलं आहे. यंत्रावर अविश्वास दाखवणारा मी कोण? शिक्षकांच्या खोलीत सांगून टाकलं, "वाचली. उत्तम आहे. शेवट जरा घाईत उरकलाय." दीडपट वेगाने शेवट दुसरा कसा होणार!

आता महमूद गावानबद्दल सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. घरचे म्हणतात, विषय मेथीच्या जुडीचा असला तरी मी गावानवर येतो. येतो. बीदरला मुलांची सहल नेली, की त्याच्या मदरशासमोर उभा राहून मी हेच सांगतो. मुलं तोवर डबे उघडतात.

हा माणूस इराणातल्या गिलानचा, बहमनींचा वजीर. १४७२ च्या सुमारास एकीकडे गोवा जिंकला आणि त्याच सुमारास बीदरात तीन मजली मदरसा उभा केला. त्याच्या संग्रहात तीन हजार ग्रंथ असल्याचं सांगतात. छापखान्याआधीचे, हाताने लिहिलेले तीन हजार! माझी अकरा, तीही सवलतीत. बरं, नुसता जमवणारा नव्हे, लिहिणाराही. पत्रं कशी लिहावीत यावर त्याने फारसीत ग्रंथ लिहिला, शिवाय स्वतःच्या पत्रांचा संग्रह केला. मोहिमा, महसूल, दरबारातली भांडणं हे सगळं सांभाळून. म्हणजे 'वेळ नाही' ही सबब पंधराव्या शतकातच बाद झालेली आहे.

पण खरी गोष्ट पुढे आहे. दरबारातल्या विरोधकांनी त्याच्या शिक्क्याच्या माणसाला फितवलं आणि कोऱ्या कागदावर गावानचा शिक्का मारून घेतला. वर मजकूर लिहिला ओडिशाच्या राजाला स्वारीचं आमंत्रण देणारा. सुलतानाने ते पत्र पाहिलं आणि १४८१ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या वजिराचं डोकं उडवलं. बघा हं! तीन हजार ग्रंथांचा धनी, पत्रलेखनाचा आचार्य, आणि गेला तो त्याने न लिहिलेल्या, न वाचलेल्या एका पत्रापायी. मी हे सांगताना दर वेळी थांबतो, मुलांकडे बघतो. मुलं मसालेभातातले शेंगदाणे वेचत असतात.

यातून मी धडा घ्यायला हवा होता. गेल्या वर्षी एका कन्नड परिपत्रकावर मी न वाचता सही केली. डोकं शाबूत राहिलं, पण लागोपाठ चार रविवार प्रशिक्षणात गेले. वेळापत्रकातली १२० पानं तिथेच कापली गेली.

असो. मुंद होग्री.

आमच्या घरात एक जण आहे जिने आयुष्यात जेमतेम काही वाचलं, आणि जिला माझ्याहून जास्त येतं. आई. शाळा तिसरीपर्यंत. नाना, म्हणजे माझे वडील, दरवर्षी दत्तजयंतीच्या आधी सात दिवस गुरुचरित्र लावत. आमच्या घरी समज असा, की ही पोथी बायकांनी वाचायची नाही. आई म्हणे, "वाचायची नसेल. ऐकायला कुणाची बंदी आहे?" ती माजघराच्या उंबऱ्यापाशी सूप घेऊन बसायची. नाना वाचायचे, ती तांदूळ निवडायची. चाळीस वर्षं ती असं ऐकत आली. शब्द अडखळला, तर नानांच्या आधी तिच्या तोंडून पुढचा निघायचा.

त्या पोथीतलं गाणगापूर आमच्या गुलबर्ग्याच्या बाजूचं. आता कलबुर्गी म्हणायचं. आणि पोथी लिहिणारे सरस्वती गंगाधर आपल्याला मराठी भाषा येत नाही, असं पोथीतच कबूल करतात. परंपरा त्यांना कानडी घरातले मानते. मराठी न येणाऱ्याने सात हजारांवर ओव्या रचल्या, आणि मराठीत एम.ए. झालेल्या मला साडेनऊ पुस्तकं संपवता येत नाहीत. हे मी वर्गात सांगत नाही.

नाना गेल्यावर मी काय केलं? आईला मोबाइलवर पोथीची ध्वनिफीत लावून दिली. उत्तम आवाज, शुद्ध उच्चार, मागे तंबोरा. मला वाटलं, पुत्रधर्म पार पडला, आणि अर्धा तास वाचला. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "हा बाबा थांबत नाही रे."

"म्हणजे?"

"कुकरची शिट्टी झाली म्हणून मी उठले, तर हा पुढं गेला. नाना थांबायचे."

मी तिला मागे घेण्याचं बटण दाखवलं. तिने ते दाबलं, पोथी पार पहिल्या अध्यायावर गेली. तिने मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाली, "तू वाच की जरा."

"आई, वेळ कुठाय?" मी म्हणालो. माझ्या हातात तेव्हा माझा मोबाइल होता. त्यावर एक माणूस दुसऱ्या माणसाच्या ओट्यावर फरशी बसवत होता, आणि मी ते वीस मिनिटं बघत होतो.

आई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "वेळ नानांनाही नव्हता. पोथी लावलेली असायची, म्हणून बसायचे."

त्या रात्री मला माझं तीन रंगांतलं वेळापत्रक फार पोरकट वाटलं. नानांनी कधी वाचनासाठी वेळ काढला नाही. त्यांनी पोथी लावली, आणि मग घराने त्यांचा वेळ राखला. मध्ये बोलायचं नाही, आसन सोडायचं नाही, दारात कुणी आलं तर आई ओठांवर बोट ठेवायची. सात दिवसांची वाटणीसुद्धा छापलेली: पाचव्या दिवशी तीनच अध्याय, कारण ते लांबलचक. सकाळी उठल्यापासून माणसाने काय काय करावं, ते त्यांत आहे. वेळापत्रकाचं प्रकरण पूर्वीपासूनच लांबतं म्हणायचं.

दुसऱ्या दिवसापासून मी वाचायला बसलो. रात्री साडेआठ ते नऊ. सोवळं-ओवळं, सात दिवस, काही नाही. आईनेच निकाल दिला, "हे पारायण नव्हे, वाचन आहे. दत्त समजून घेतील." बायको मेथी घेऊन तिथेच बसते. मी सवयीने भराभर सुटतो, की आई हात वर करते, "जरा मागं जा." दिवसभर कंडक्टर पुढे ढकलतो, रात्री आई मागे ओढते. परवा एका ओवीशी ती स्वतःहून म्हणाली, "इथं नाना खोकायचे." मी थांबलो. थोडा खोकलोही. ती हसली आणि पदराने चष्मा पुसत बसली.

मोफत बस झाल्यापासून ती दोनदा गाणगापूरला जाऊन आली. मला म्हणाली, पोथीत वाचतोस तसंच आहे सगळं, फक्त गर्दी जास्त आहे.

पाचव्या दिवसाचे तीन अध्याय आम्हाला सतरा दिवस पुरले. उदगीरची साडेनऊ पुस्तकं कपाटात आहेत, काच स्वच्छ आहे. कुणाला वाचायला हवी असतील तर भालकीला या, खुशाल घेऊन जा. फक्त रात्री साडेआठ ते नऊ येऊ नका. त्या वेळी आमच्याकडे कुणी दार उघडत नाही.