असेंबलकाका

मुलगा इंजिनीअरिंगला लागला की घरात कॉम्प्युटर येतो, आणि कॉम्प्युटरच्या आधी असेंबलकाका येतात. निदान आमच्या डोंबिवलीत तरी हीच रीत आहे. त्यांना बोलवावं लागत नाही. ‘तयार घेण्यापेक्षा असेंबल करू म्हणतोय’ एवढं कुणी जिन्यात बोलायचा अवकाश, संध्याकाळी बेल वाजलीच म्हणून समजा. पायात स्लीपर, खिशात स्क्रू ड्रायव्हर आणि शाळेतल्या पोरांकडे असते तशी प्लॅस्टिकची फूटपट्टी. चहा ‘अर्धाच’. मग पहिला प्रश्न, “बोर्ड कुठला?”

प्रोसेसर त्यांच्या मते जाहिरात बघूनही घेता येतो. ग्राफिक कार्ड म्हणजे पोरांचे नाद. काकांचा सगळा जीव रॅममध्ये अडकलेला, कारण बाकीच्या वस्तू विकत घेता येतात, रॅम मात्र जुळवावी लागते.

म्हणून त्यांच्या लेखी सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे आधी रॅम घेऊन ठेवणारा माणूस.

“सेल होता हो, म्हणून घेऊन टाकली,” मुलाचे बाबा कौतुकाने डबी पुढे करतात.

काका रॅमची पट्टी ट्यूबलाइटखाली धरून उलटसुलट बघतात. “डीडीआर चार आहे ही.”

“बरं मग?”

“एएमडीचा नवा एएम पाचचा बोर्ड घेणार ना? त्याला डीडीआर पाचच लागते. दुसरी चालतच नाही.”

“पण पिना तर सारख्याच दिसतात.”

या वाक्याची काका आयुष्यभर वाट बघत असतात. ते खुर्ची पुढे ओढतात. पिना दोन्हींना २८८च, हे ते उदारपणे मान्य करतात. मग पट्टीच्या कडेला असलेल्या खाचेवर नख ठेवतात. “ही खाच बघा. पाचमध्ये हिची जागा सरकवलीय. कशासाठी माहितेय? तुमच्यासारखे लोक दाबून बसवतात, त्यांच्यासाठी.” त्यानंतर विजेचा दाब १.२ व्होल्टवरून १.१वर कसा आला, तो सांभाळायची चिप बोर्डावरून उचलून पट्टीवरच कशी नेली, हे सगळं येतं. तोपर्यंत अर्धा चहा तिसऱ्यांदा झालेला असतो.

लेटन्सीचा, म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती उशीर लावते याचा, विषय कुणी चुकूनही काढू नये. दुकानदाराने ‘सीएलचा आकडा कमी ती चांगली’ असं सांगितलंय म्हटलं, की काका टीपॉयवरची एखाद्या लग्नाची निमंत्रणपत्रिका उलटी करून गणित मांडतात. ३२०० ची पट्टी, सीएल १६, उत्तर १० नॅनोसेकंद. ६००० ची पट्टी, सीएल ३०, उत्तर पुन्हा १०. “म्हणजे दोन्ही सारख्याच? मग जास्त पैसे कशाला?” असं बाबा विचारतात, आणि विचारल्याबरोबर पस्तावतात. कारण उशीर तेवढाच असला तरी एका दमात माल किती जास्त वाहून येतो, हे समजावण्यासाठी काकांना पत्रिकेची मागची बाजू कमी पडते. ते ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’वरही लिहितात.

काका तसे पक्के बुद्धिवादी. स्वतःच्या मुलीच्या लग्नात पत्रिका बघायला त्यांनी साफ नकार दिला होता. “मनं जुळली की झालं,” म्हणाले. रॅमच्या बाबतीत मात्र मनं जुळून भागत नाही. बोर्डाची कंपनी कुठल्या पट्ट्या स्वतः लावून तपासल्या त्याची यादी देते. काका ती क्यूव्हीएल छापून आणतात आणि मॉडेल नंबरातलं शेवटचं अक्षर जुळेपर्यंत बोट फिरवत बसतात. व्याह्यांनी हे बघितलं असतं तर जुना वाद पुन्हा उकरून काढला असता.

मग लॅमिंग्टन रोडची वारी. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण काका आणि दुकानदार दोघेही लॅमिंग्टनच म्हणतात. एवढीच काय ती त्यांच्यात एकवाक्यता. दुकानदार आठच्या चार पट्ट्या पुढे करतो. “काका, चारही स्लॉट भरतील, वर लाइटपण लागते.” काका सोळाच्या दोन मागतात, त्याही एकाच पाकिटातल्या. डीडीआर पाचच्या चार लावल्या तर वेग खाली येतो, हे ते त्याला गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने सांगतात. मग फूटपट्टी निघते. रॅमच्या डोक्यावरचा पत्रा कूलरला आपटणार नाही ना, याची मापं काउंटरवर घेतली जातात. मागची रांग खोळंबते. २०२५ सरता सरता एआयच्या डेटा सेंटरांपायी मेमरीचे भाव भडकले तेव्हापासून तर काका पाकिटावरची किंमतही दोनदा वाचतात, आणि जिन्यात भेटले की नमस्काराऐवजी “तेव्हाच घ्यायला हवी होती” म्हणतात.

जुळणीच्या दिवशी सगळं घर भोवती जमतं. प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट. पट्टी टेकवायची, दोन्ही अंगठ्यांनी दाबायची, कट्ट आवाज. बटण दाबतात. पंखे फिरतात. स्क्रीन काळा.

एक मिनिट जातं. दुसरं जातं.

“गेला वाटतं,” आजी म्हणतात.

“काही गेला नाही. मेमरी ट्रेनिंग चाललंय. बोर्ड पहिल्यांदा पट्ट्या तपासून घेतो, वेळ लागतो. कुणी हात लावायचा नाही!”

तोवर बाबांनी काळजीपोटी भिंतीवरचं बटण बंद केलेलं असतं. पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी एकदाचा उजेड पडतो. टाळ्या होतात, आजी पेढ्यांचा पुडा सोडतात. काका तेवढे चष्मा वर करून स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा वाचतात. “अठ्ठेचाळीसशे? सहा हजारची पट्टी घेतलीय आपण!” कुणी अडवायच्या आत ते बायोसमध्ये शिरतात, पट्टीला तिच्या पूर्ण वेगाने पळवणारं एक्स्पो चालू करतात, सेव्ह करून बाहेर पडतात.

पंखे फिरतात. स्क्रीन पुन्हा काळा.

आजी पेढ्यांच्या पुड्याला रबर लावून तो कपाटात ठेवतात.