अर्धा डायवर

सरकारी नोकराला बदली नको असते. तुमसरच्या माणसाची ऑर्डर नाकाडोंगरीला निघाली की तो महिनाभर साहेबाच्या घराचे उंबरे झिजवतो. मीही झिजवले होते. बदलीची आनंदानं वाट पाहणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे आणि तोच मला तुमसरहून नाकाडोंगरीच्या शाळेत पोचवतो. रोज नव्हे, अधूनमधून. कारण तो काळीपिवळीवरचा बदली डायवर आहे. काळीपिवळी म्हणजे पश्चिम महाराष्ट्रात जिला वडाप म्हणतात ती.

कायम डायवर सासरवाडीला गेला, मालकाशी भांडला किंवा रात्रीचं मोहफूल सकाळपर्यंत उतरलं नाही, की याला फोन जातो. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार सकाळीच गेटवर येऊन उभे राहत. कुणी खाडा केला तर आत, नाहीतर आल्या पावली घरी. आमच्या माणसाला गेट नाही, धुरा आहे, म्हणजे शेताचा बांध. त्याच्या धानाच्या बांधीच्या एका कोपऱ्यावर, मोहाच्या झाडाखाली, मोबाइलला दोन काड्या रेंज मिळते. सकाळी सहा ते सात तो तिथं पाणी बघत असल्यासारखा उभा असतो. बांधीत पाणी नसलं तरी उभा असतो.

गावातली पोरं त्याला 'अर्धा डायवर' म्हणतात. त्याला राग येत नाही. आमच्या भागात अर्धेपणाचं कुणाला फारसं वाईट वाटत नाही. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत आमचा भंडारा जिल्हा आणि पलीकडचं बालाघाट एकाच राज्यात होते, मग राज्यं निराळी झाली. 1 मे 1999 ला गोंदिया वेगळा निघाला आणि राहिलेला जिल्हाही अर्धा झाला. बावनथडी नदी अर्धी आपली, अर्धी त्यांची. तिच्यावरचं धरणही दोन राज्यांच्या भागीदारीतलं. बाजारात तुमसरचा माणूस मराठीत भाव विचारतो, पलीकडच्या कटंगीचा हिंदीत विचारतो, आणि भाजीवाली दोघांनाही झाडीबोलीत गुंडाळते. अशा मुलखात एक डायवर अर्धा निघाला तर बिघडलं कुठं?

शिवाय त्याचा अर्धेपणा नुसत्या नावापुरता नाही, तो दिसतोसुद्धा. कमरेच्या वर तो डायवर असतो. इस्त्रीचा शर्ट, खिशाला बिल्ला, खिशात कंगवा, गळ्यात दुपट्टा. कमरेखाली तो शेतकरी असतो. पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, टाचेत वाळलेला चिखल, चप्पल ब्रेकच्या बाजूला काढून ठेवलेली. "अनवानी पायाले गाडी समजते जी," असं तो म्हणतो. गाडीला पाय समजत असावा, कारण दुसऱ्या कुणी दाबला तर तो ब्रेक लागत नाही.

गाडीत तो बसतोही अर्ध्याच सीटवर. डायवरच्या उजव्या हाताला, दाराला चिकटून, एक सवारी बसवायची हा काळीपिवळीचा जुना रिवाज. डाव्या बाजूला तीन असतातच. मधे हा कमरेत वळून, एक हात स्टीअरिंगवर आणि दुसरा कुणाच्या तरी गुडघ्यापलीकडच्या गिअरवर ठेवून बसतो. सेकंड गिअर टाकायच्या आधी तो "सरका जी मावशी" म्हणतो. मावशी सरकतात, गिअर पडतो. थर्डला पुन्हा "सरका". नेहमीच्या सवाऱ्यांना आता इंजिनचा आवाज ऐकूनच सरकायचं कळतं. मीसुद्धा शाळेत खुर्चीवर बसल्याबसल्या, बाहेरून ट्रक गेला की डावीकडं सरकतो.

1988 च्या मोटार वाहन कायद्यात मॅक्सीकॅबची व्याख्या आहे: डायवर सोडून सहापेक्षा जास्त आणि बारापेक्षा जास्त नाहीत एवढ्या सवाऱ्या. मी गणिताचा मास्तर असल्यामुळं हा आकडा एकदा त्याच्या कानावर घातला. त्यानं गाडी चालवता चालवता मला शांतपणे हिशेब समजावून दिला. मांडीवरचं लेकरू आईतच आलं. म्हातारा नि म्हातारी मिळून एक, कारण ते दोघं मिळून एकाचंच बोलतात. मागं शिडीवर उभा आहे तो गाडीत नाहीच. आणि गुरुजी, तुम्ही तर नेहमीचे, तुम्हाला सवारी कसं म्हणायचं? अशा रीतीनं एकोणीस माणसं बारात बसली. माझ्या सातवीच्या वर्गात असा एक विद्यार्थी असता तर त्याला मी नापास केलं असतं आणि मग जन्मभर त्याच्याच गाडीनं गेलो असतो.

त्याच कायद्यात गाड्यांच्या आणखी दोन जाती आहेत. एक वाटेत टप्प्याटप्प्यावर सवारी चढवत-उतरवत जाणारी, दुसरी आधी ठरवून इथून तिथं थेट जाणारी. काळीपिवळी कागदावर दुसऱ्या जातीची. पण गोबरवाहीच्या अलीकडं डोक्यावर टोपलं घेतलेली म्हातारी हात दाखवते, तेव्हा तिला कलम वाचून कोण दाखवणार? हा गाडी थांबवतो आणि मागं वळून आम्हाला म्हणतो, "आपन हिलेबी आदीच ठरवलो होतो, नाही का जी?" एकोणीस माना डोलतात. ज्या गावाच्या नावातच नाका आहे तिथल्या सवाऱ्यांना साक्ष द्यायला शिकवावं लागत नाही.

कायम डायवर आणि बदली डायवर यांचं नातं थोरल्या नि धाकट्या जावेसारखं असतं. थोरली चुलीच्या सगळ्या खोडी धाकटीला सांगून जात नाही. गाडीचं मागचं दार आतून उघडत नाही, काच एका ठरावीक जागी थापटल्याशिवाय चढत नाही, हॉर्न डावीकडं वळतानाच वाजतो, हे ज्ञान कायम डायवर स्वतःजवळ ठेवतो. नोकरीची हमी त्याच्याकडं तेवढीच असते. बदलीवाला पहिल्या फेरीत निम्म्या खोडी शोधून काढतो आणि आपल्या एकदोन घालून ठेवतो. दुसऱ्या दिवशी कायमवाला गाडीत बसतो आणि ओरडतो, "आरसा कोनं हलवलो बे?" हा तेव्हा धुऱ्यावर, रेंजमध्ये, समाधानानं उभा असतो.

सकाळी गाडी धक्क्याशिवाय सुरू होत नाही. पहिल्या चार सवाऱ्यांनी उतरून ढकलायचं, हा अलिखित नियम. एकदा ढकलताना मी त्याला माहिती दिली की आपल्या शेजारच्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघणारं मॅंगनीज डायऑक्साइड सेल बनवणाऱ्या कारखान्यांना जातं, देशातल्या किती टॉर्च आपल्या मातीवर पेटत असतील! तो थांबला. गाडीही थांबली. "अन् आपल्याच गाडीची बॅटरी उतरते?" मी म्हटलं, गाडीची बॅटरी वेगळी, तिच्यात शिसं असतं. त्यानं क्षणभर विचार केला. "मंग शिशाच्या गाववाल्याइच्या टॉर्च पेटत नसतीन." आणि आम्ही पुन्हा ढकलायला लागलो.

त्याचं वर्ष दोन पंचांगांवर चालतं. आषाढात धानाचे पऱ्हे, मग चिखलणी, मग रोवणा म्हणजे लावणी. या दिवसांत तो फोन उचलत नाही. धान निसवला, तुडतुड्याची भीती टळली, हलका धान कापून झाला की दिवाळी येते आणि भाऊबीजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, सुरू होतात. मग मात्र तो शेताकडं बघत नाही. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. दिवसा बाजार, मग दंडार, रात्री नाटक, पहाटे ते सुटलं की परतीच्या सवाऱ्या. पाव्हणे मंडईला येतात ते जिलेबी खायला आणि पोरगी बघायला. त्यामुळं तुमसर तालुक्यातली निम्मी सोयरीक याच्या मागच्या सीटवर जमते. पोराकडचे नि पोरीकडचे समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसलेले असतात. एवढ्या जवळून कुठलीच गोष्ट फार वेळ लपत नाही.

"पोरगा काय करते?"

"नोकरीवर आहे."

"पर्मनंट?"

या प्रश्नाला हा हटकून ब्रेक मारतो. खड्डा असो वा नसो. त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी हाच प्रश्न सासऱ्यानं विचारला होता, तेव्हा यानं उत्तर दिलं होतं, "शेती पर्मनंट आहे, गाडी बदलीवर." सासरा म्हणाला होता, म्हणजे दोन्ही देवाच्या भरवशावर. पोरगी मात्र दिली. गाडीवाला जावई असला की मंडईला जायची सोय होते.

त्याचा खरा सुवर्णकाळ म्हणजे एसटीचा संप. 2021 च्या ऑक्टोबरअखेर गाड्या थांबू लागल्या आणि सगळी मंडळी कामावर परतेपर्यंत 2022 चा एप्रिल उजाडला. त्या वर्षी बदलीवाला एकदाही बदली राहिला नाही. मालकाचा फोन, मालकाच्या भावाचा फोन, ज्याच्याकडं गाडीच नाही त्याचाही फोन. संपात एसटीनं कंत्राटी चालक घेतले तेव्हा हाही चौकशी करून आला. पण त्याचं लायसन हलक्या वाहनाचं. जड वाहनाचं हवं, असं कळल्यावर त्याला मनापासून नवल वाटलं. "एकोनीस सवाऱ्या घेऊन चालवतो, अन् वाहन हलकंच?"

मग दिवस फिरले. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्या म्हाताऱ्यांना एसटी फुकट झाली, आणि 17 मार्च 2023 पासून सगळ्या बायांना अर्धं तिकीट. इतके दिवस काळीपिवळी चालत होती ती म्हाताऱ्यांच्या आणि बायांच्या जिवावर. आता फाट्यावर दृश्य असं, की काळीपिवळी दार उघडून उभी आहे आणि बाया तिच्याच सावलीत बसून लाल गाडीची वाट पाहत आहेत. यानं आधी भांडून पाहिलं, मग विनवून पाहिलं. एका मावशीला तो म्हणाला, "माह्या गाडीत बसले तं घरापावतर सोडतो." मावशी म्हणाल्या, "सोड ना बाप्पा. एसटीतून उतरलो का सोड."

आता एका जुलैतली गोष्ट. पंचायत समितीत दुपारी मीटिंग होती आणि मला नाकाडोंगरीहून तुमसर गाठायचं होतं. एसटी नुकतीच गेलेली. फाट्यावर काळीपिवळी उभी, आत नऊ सवाऱ्या, पुढची सीट रिकामी. कायम डायवर रोवण्याला गेला होता. तोही शेवटी अर्धाच. मालक बदलीवाल्याला फोन लावत होता आणि तो उचलत नव्हता. शेवटी आम्हीच त्याच्या शेताकडं निघालो, रस्त्याला लागूनच आहे. बघतो तर हा बांधीच्या मधोमध, कमरेपर्यंत चिखलात. कमरेवर शर्ट नव्हता. म्हणजे आज वरचा अर्धासुद्धा डायवर नव्हता.

"गुर्जी, आज मी पुरा शेतकरी आहो जी," त्यानं लांबूनच सांगितलं. "मजूर आले नाहीत. एवढी बांधी होऊ द्या, मंग निंगतो."

बांधी बरीच मोठी होती. त्याची बायको आणि आई दोघीच पेंढ्या सोडवत होत्या. मी घड्याळ दाखवलं. त्यानं आभाळ दाखवलं. आमच्यातल्या एका म्हातारीनं लुगडं खोचलं, पिशवी माझ्या हातात दिली आणि "असं बसून का रोवना होते?" म्हणत बांधीत उतरली. तिच्या मागं दुसरी. मग कटंगीकडचा कापडाचा गाठोडेवाला "चलो भई" म्हणत पायजमा वर करून उतरला. कॉलेजची दोन पोरं आधी फोटो काढायला उतरली आणि मग चिखलात पाय रुतल्यामुळं तिथंच कामाला लागली. पाऊण तासात बांधी हिरवी झाली. मी धुऱ्यावर छत्री उघडून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत होतो. तेही काम आहे.

मग तो डबक्यात हातपाय बुचकळून आला, शर्ट चढवला, बिल्ला सरळ केला, केसांतून कंगवा फिरवला आणि डायवर झाला. गाडीत अठरा चिखलाचे पाय आणि दोन माझे बूट. तुमसरला उतरताना तो दाराशी उभा राहून भाडं घेऊ लागला. म्हातारीनं पदराची गाठ सोडून पैसे पुढं केले. त्यानं निम्मे परत दिले.

"रोवलं त्याइले हाफ तिकीट," तो म्हणाला. "एसटी देते, तं आपन काहून नाही देवाचं?"

गाठोडेवाल्याला हाफ. पोरांना हाफ. माझी पाळी आली. मी हसून हात पुढं केला. त्यानं माझ्या कोरड्या बुटांकडं पाहिलं, पँटच्या इस्त्रीकडं पाहिलं, आणि पूर्ण भाडं मोजून घेतलं. छत्रीचं लगेज मात्र त्यानं लावलं नाही.