मालकांची दिलदारी

१७ डिसेंबर उजाडला की रोमच्या मालकांना औदार्याचा झटका येई. सॅटर्नेलिया या सणाच्या दिवसांत गुलामांनी उघड जुगार खेळावा, मालकाला तोंडावर चार शब्द सुनवावेत! मालक मध घातलेली वाइन पीत. गुलामांच्या हिवाळी वाइनची कृती मात्र शेतीवर लिहिणाऱ्या काटकसरी रोमन कॅटोने लिहून ठेवली आहे: द्राक्षरस १० मापं, पाणी ५०, शिवाय व्हिनेगर, आटवलेला रस आणि चक्क समुद्राचं पाणी. आपले दूधवाले उगाच बदनाम. उन्हाळ्यापर्यंत उरलीच, तर तिचं उत्तम व्हिनेगर होतं, अशी हमीही तो देतो. रोमन लेखक धाकटा प्लिनी सॅटर्नेलियाच्या गोंगाटात लॉरेंटमच्या बंगल्यातल्या आडबाजूच्या खोलीत वाचत बसे. घरातल्यांची मौज मोडू नये, आपला अभ्यासही. खोली अर्थात गुलामांनीच झाडलेली असणार.